बेरजेला किती संख्या लागतात?

जालन्याच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा वंश कोरलेला आहे. त्यांच्या ‘लीलावती’मधील (इ. स. ११५०) बेरजेचे उदाहरण एकदम सात संख्यांचे आहे: २, ५, ३२, १९३, १८, १०, १००. बेरीज ३६०, ती दहा हजारांतून वजा केली की ९६४०. बेरजेत संख्या कितीही. वजाबाकीत मात्र कशातून काय, हे ठरलेले.

हाच भेद जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली आरंभिलेल्या लिस्प या संगणकभाषेत दिसतो. तिथे क्रिया कंसात आधी येते, मागे हव्या तितक्या संख्या. रिकामे (+) शून्य देते! १९६२च्या लिस्प १.५मध्ये वजाबाकी दोनच संख्यांची होती. चिन्ह पालटण्यास निराळी क्रिया होती. पुढे कॉमन लिस्पने दोन्ही कामे एकाच उणे चिन्हावर सोपविली: (- १०००० ३६०) म्हणजे ९६४०, (- ३६०) म्हणजे उणे ३६०. ही काटकसर मला जराशी फसवी वाटते. रिकाम्या (-) ला मात्र उत्तरच नाही.