साधे कॉम्प्युटर जोडून महासंगणकाचं काम होतं का? खोडदच्या दुर्बिणीने ते करून दाखवलंय

फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी तालुक्यात द्राक्षांची काढणी भरात असते. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या सकाळीच बागेत उतरतात. मुकादम ओळी वाटून देतो, प्रत्येक जण आपापल्या ओळीतले घड कापतो, क्रेट भरतो आणि भरलेले क्रेट एका जागी येतात. वीस माणसांचं काम एकट्या माणसावर टाकलं तर तो कितीही चपळ असला तरी माल वेलीवरच खराब होईल.

कॉम्प्युटरच्या दुनियेत नेमकं हेच केलं जातं. एका मोठ्या गणिताचे तुकडे पाडायचे, ते अनेक प्रोसेसरना एकाच वेळी सोडवायला द्यायचे आणि उत्तरं गोळा करायची. याला पॅरलल कॉम्प्युटिंग, म्हणजे समांतर संगणन म्हणतात. हे प्रोसेसर वेगवेगळ्या मशीनमध्ये असतील आणि नेटवर्कने जोडलेले असतील, तर ते डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग, म्हणजे वितरित संगणन. व्यवहारात दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात आणि त्याने फारसं बिघडत नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी कोट्यवधींचा महासंगणकच लागतो, की दुकानात मिळणारे साधे कॉम्प्युटर एकत्र जोडूनही काम भागतं? याचं एक उत्तम उत्तर नाशिक-पुणे रस्त्यावर, नारायणगावजवळच्या खोडदमध्ये सापडतं. पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

महासंगणक मिळेना, म्हणून...

१९८० च्या दशकात महासंगणक म्हटलं की अमेरिकेच्या क्रे कंपनीचं नाव यायचं. भारताला तिथून हव्या त्या ताकदीचं मशीन मिळत नव्हतं. त्याचा वापर लष्करी कामासाठी होईल, ही तिथल्या सरकारची शंका होती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या चमूने १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार केला. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याच्या शर्यतीत न पडता त्यांनी अनेक छोटे प्रोसेसर जोडले. मात्र हे प्रोसेसर साधे नव्हते. ट्रान्सप्यूटर नावाच्या त्या चिप एकमेकींना जोडण्यासाठीच बनवलेल्या होत्या.

साध्या पीसीची पाळी १९९४ मध्ये आली. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे १६ प्रोसेसर नेहमीच्या इथरनेट केबलने जोडले. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि त्या जुगाडाला नाव दिलं 'बेवुल्फ', एका जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या नायकाचं. ४८६ म्हणजे तेव्हा ऑफिसातल्या टेबलावर दिसणारा प्रोसेसर. त्यानंतर अशा जोडणीला जगभर 'बेवुल्फ क्लस्टर' म्हणायला लागले. पुढे १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सी-डॅकनेही सन कंपनीची बाजारात मिळणारी मशीन जोडण्याची वाट धरली.

खोडदला नेमकं काय घडलं?

खोडदला जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं एनसीआरए हे केंद्र चालवतं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या साधारण २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्या आहेत. नारायणगाव परिसरातून जाणाऱ्यांना त्या शेतांच्या मधोमध दिसतात.

या तबकड्या फोटो काढत नाहीत. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात. चित्र तयार होतं ते प्रत्येक तबकडीचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या सिग्नलशी ताडून पाहिल्यावर. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. या सगळ्या जोड्यांचा गुणाकार-बेरजेचा हिशेब सतत, न थांबता करावा लागतो. तो करणाऱ्या यंत्रणेला कोरिलेटर म्हणतात आणि दुर्बिणीचा खरा मेंदू तोच असतो. आधी हे काम खास बनवलेल्या चिपवर चालायचं. खास चिपची एक अडचण असते. ती जे करते ते झपाट्याने करते, पण काही वेगळं करून बघायचं असेल तर हार्डवेअरलाच हात घालावा लागतो.

एनसीआरएचे जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी, कॅनडाचे उए-ली पेन आणि अमेरिकेचे जेफ्री पीटरसन यांच्यासोबत वेगळा मार्ग धरला. बाजारात मिळणारी डिजिटायझर कार्ड घ्यायची, ती कॉम्प्युटरच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसवायची आणि बाकी सगळं काम सॉफ्टवेअरवर सोपवायचं. उभा राहिला तो ४८ कॉम्प्युटरचा लिनक्स क्लस्टर. प्रत्येक मशीनला गिगाबिट नेटवर्कच्या दोन जोडण्या होत्या. या यंत्रणेचं नाव जीएमआरटी सॉफ्टवेअर बॅकएंड. तिचं सविस्तर वर्णन २०१० मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झालं. सगळे सुटे भाग बाजारातलेच होते, ही बाब निबंधाच्या सारांशातच आवर्जून नोंदवलेली आहे. यशवंत गुप्ता पुढे एनसीआरएचे संचालक झाले.

कामाचा आवाका आकड्यांत बघा. ही यंत्रणा ३२ अँटेनांसाठी, दोन ध्रुवणांत, ३३ मेगाहर्ट्झ रुंदीच्या सिग्नलसाठी बनवली होती. म्हणजे एकूण ६४ सिग्नल. सिग्नल नीट पकडायचा तर त्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट वेगाने नमुने घ्यावे लागतात, असा नियम आहे. या हिशेबाने प्रत्येक सिग्नलचे सेकंदाला ६ कोटी ६० लाख नमुने आणि सगळे मिळून सेकंदाला ४२२ कोटी. आणि हे 'रिअल टाइम', म्हणजे या सेकंदाचा डेटा आवरेपर्यंत पुढच्या सेकंदाचा दारात उभा. उद्या करू म्हणायची सोय नाही.

यात सर्वात अवघड भाग गणिताचा नाही, देवाणघेवाणीचा आहे. एका मशीनकडे मोजक्याच अँटेनांचा डेटा येतो. जोड्या लावायच्या तर सगळ्या अँटेनांचा एकाच क्षणाचा डेटा एका ठिकाणी हवा. त्यामुळे मशीनना आपापसात प्रचंड माल इकडून तिकडे हलवावा लागतो. म्हणूनच नेटवर्कची जोडणी दुहेरी. प्रोग्रामही असा लिहिला की डेटा प्रोसेसरच्या अगदी जवळच्या मेमरीत राहील आणि एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम होईल. साध्या मशीनमधून इतकं काम काढायला सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची मेहनत लागते. जोडलेल्या कॉम्प्युटरच्या गोष्टींमध्ये हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो.

फायदा काय झाला? लवचिकता. वेळेची आणि फ्रिक्वेन्सीची बारकाई हवी तशी बदलता येऊ लागली. विजेच्या तारा, मोबाइल टॉवर यांचा गोंगाट अशा दुर्बिणीला कायम छळतो; तो गाळण्याच्या नव्या पद्धती प्रोग्राम बदलून वापरता येऊ लागल्या. दुर्बिणीच्या पुढच्या अवतारात, म्हणजे अपग्रेडेड जीएमआरटीत, सिग्नलची रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. तेव्हा नुसत्या साध्या प्रोसेसरवर भागेना. मग एफपीजीए चिप आणि ग्राफिक्स कार्ड यांची जोडी आली. ग्राफिक्स कार्डही मुळात व्हिडिओ गेमसाठी जन्मलेली बाजारातलीच वस्तू, हे लक्षात घ्या.

मग हजार कॉम्प्युटर जोडले की हजारपट वेग?

नाही. परत बागेत चला. वीस मजूर घड कापतायत, पण वजनकाटा एकच आहे. कापणी कितीही वेगाने झाली तरी क्रेट काट्यासमोर रांगेतच उभे राहणार. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला. समजा, एक काम एका मशीनवर दहा तासांचं आहे आणि त्यातला एक तास असा आहे की त्याचे तुकडेच पडत नाहीत. मग उरलेल्या नऊ तासांसाठी लाख मशीन लावा, काम एका तासाच्या आत येणार नाही. जास्तीत जास्त दहापट वेग, त्यापुढे भिंत.

दुसरी अडचण बोलण्याची. द्राक्षाच्या एका ओळीतल्या मजुराला शेजारच्या ओळीची खबर लागत नाही, म्हणून ते काम वाटायला सोपं. हवामानाचा अंदाज तसा नाही. त्यासाठी पृथ्वीच्या वातावरणाचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाचं गणित करतात. पण दिंडोरीवरच्या चौकोनात पुढच्या काही मिनिटांत काय होईल, हे पेठवरच्या चौकोनावर अवलंबून असतं. प्रत्येक पावलाला शेजाऱ्याला विचारावं लागतं. इथे साधं नेटवर्क कमी पडतं, प्रोसेसर एकमेकांची वाट बघत बसतात. म्हणून पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेत त्यासाठी 'अर्क' हा खास महासंगणक आहे. तिथे विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ६ किलोमीटरच्या चौकोनावर चालते. आधी हा चौकोन १२ किलोमीटरचा होता. चौकोनाची बाजू निम्मी केली की त्याच जागेत चौपट चौकोन होतात, आणि गणिताची पावलंही लहान टाकावी लागतात. मणी पाण्यात भरलेले असताना येणाऱ्या अवकाळी पावसाची भीती दिंडोरीच्या बागायतदाराला कुणी समजावून सांगायला नको. ती सूचना वेळेत मिळणं शेवटी या गणितावर टेकलेलं असतं.

घरोघरच्या कॉम्प्युटरचं काय?

जिथे तुकड्यांना एकमेकांशी बोलावं लागत नाही, तिथे कॉम्प्युटर एका खोलीत असण्याचीही गरज नाही. मे १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने 'सेटी अ‍ॅट होम' सुरू केलं. परग्रहावरच्या संकेतांचा शोध घेण्यासाठी दुर्बिणीच्या डेटाचे तुकडे लाखो लोकांच्या घरच्या पीसीवर पाठवले जायचे, पीसी रिकामा असला की गणित चालायचं. एलियन सापडले नाहीत, पण पद्धत टिकली. मार्च २०२० मध्ये त्यांनी नवं काम पाठवणं थांबवलं.

'आइन्स्टाइन अ‍ॅट होम' या तशाच प्रकल्पाने २०१० मध्ये खरोखर एक पल्सार शोधला. ज्या कॉम्प्युटरवर तो सापडला ते अमेरिकेतल्या आयोवातले आणि जर्मनीतल्या माइन्झमधले सामान्य स्वयंसेवकांचे होते. कोरोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या 'फोल्डिंग अ‍ॅट होम'ला इतके लोक येऊन मिळाले की त्यांची एकत्रित ताकद एक एक्झाफ्लॉपच्या पुढे गेली. म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं. तेव्हाच्या एकाही महासंगणकाने तो टप्पा गाठलेला नव्हता.

अनोळखी कॉम्प्युटरवर भरवसा कसा ठेवायचा? एकच तुकडा दोन वेगवेगळ्या लोकांना पाठवायचा आणि उत्तरं जुळली तरच ती धरायची. साधा उपाय, पण चालतो.

दिंडोरीच्या कॉलेजात हे करता येईल?

समजा, एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये ३० कॉम्प्युटर आहेत आणि संध्याकाळनंतर ते बंद असतात. लिनक्स, एक चांगला गिगाबिट स्विच आणि मशीनना आपापसात निरोप पाठवायला एमपीआय नावाची फुकट प्रणाली, एवढ्यावर क्लस्टर उभा राहतो. शिकण्यासाठी याहून स्वस्त साधन नाही. अ‍ॅनिमेशनचं रेंडरिंग अशा लॅबला अगदी साजेसं काम आहे, कारण प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि एकेका मशीनला वाटून देता येते. एकच प्रोग्राम शेकडो वेगवेगळ्या आकड्यांसाठी चालवून बघायचा असेल तर तेही.

पण वीज मोजायला हवी. एक मशीन १०० वॅट खातं असं धरलं, तर ३० मशीनचे ३ किलोवॅट. दिवस-रात्र चालवली तर रोजचे ७२ युनिट, महिन्याला २१६० युनिट. मशीन फार जुनी असतील तर हा सौदा तोट्याचा ठरतो; एका नव्या ग्राफिक्स कार्डवर तेच काम कमी विजेत होऊ शकतं. भंगारातले कॉम्प्युटर जोडून महासंगणक बनवल्याचे व्हिडिओ बघताना हे बिल कुणी दाखवत नाही. शिवाय लाइट गेली की रात्रभराचं गणित वाया. त्यामुळे ठरावीक वेळाने अर्धवट काम डिस्कवर साठवण्याची सवय प्रोग्रामला लावावी लागते.

'तुमचा रिकामा मोबाइल कमाई करेल' वाल्या अ‍ॅपचं काय?

वितरित संगणनाची ही काळी बाजू आहे. दुसऱ्याच्या मशीनची ताकद त्याच्या नकळत वापरून क्रिप्टोकरन्सीची मायनिंग करणारे प्रोग्राम फुकट गेम, पायरेटेड सॉफ्टवेअर किंवा अनोळखी लिंकमधून शिरतात. काहीही न चालवता पंखा जोरात फिरतोय, फोन तापतोय, बॅटरी भराभर उतरतेय, असं दिसलं तर टास्क मॅनेजर किंवा बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन कोण काय खातंय ते बघा.

खऱ्या वैज्ञानिक प्रकल्पात भाग घ्यायचा असेल तर 'बॉइंक' हे सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. ते पैसे देत नाही आणि मागतही नाही. प्रोसेसर किती टक्के वापरायचा, लॅपटॉप बॅटरीवर असताना थांबायचं का, कोणत्या वेळेत चालायचं, हे सगळं त्यात ठरवता येतं. ऑफिस किंवा कॉलेजच्या मशीनवर मात्र परवानगीशिवाय ते टाकू नका, कारण मशीनही त्यांचं आणि वीजबिलही त्यांचंच.