एका मेगाबाइटची कुळकथा

बिटकॉइनच्या कोडमध्ये १५ जुलै २०१० रोजी एक ओळ आली : 'मॅक्स ब्लॉक साइझ', आणि पुढे आकडा १०,००,०००. व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, दहा लाख बाइटांहून मोठा असता कामा नये, एवढाच तिचा अर्थ. ओळ खुद्द बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो याने टाकली. त्या दिवशीच्या बदलांच्या नोंदीत किरकोळ दुरुस्त्यांचा उल्लेख आहे, या ओळीबद्दल चकार शब्द नाही. सप्टेंबरपासून ती सगळ्यांवर बंधनकारक झाली. पुढे याच आकड्यावरून असं रणकंदन माजलं की चलनाचीच दोन शकलं झाली.

बिटकॉइनची कल्पना मांडणाऱ्या २००८ च्या मूळ निबंधात अशी मर्यादा नाही. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक संदेश जास्तीत जास्त ३२ मेगाबाइटांचा असू शकत होता, तेच काय ते कुंपण. मग ही ओळ का आली? सातोशीने कारण लिहून ठेवलेलं नाही. पण ११ जुलैला स्लॅशडॉट या संकेतस्थळावर बिटकॉइनची बातमी झळकली होती आणि नव्या माणसांची रीघ लागली होती. तेव्हा घरच्या संगणकावरही ब्लॉक खणता, म्हणजे तयार करता, येई. कुणी खोडसाळपणे भलेमोठे ब्लॉक भरून पाठवले असते, तर प्रत्येक नोडला, म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला, ते तपासावे लागले असते आणि कायमचे साठवावेही. त्यावरची ही तजवीज, असंच नंतरचे बहुतेक जाणकार मानतात. पावसाळ्यापुरता टाकलेला पत्रा म्हणा.

ऑक्टोबरमध्ये जेफ गार्झिक या प्रोग्रॅमरने तो पत्रा काढायचा प्रस्ताव मांडला. पेपालइतके व्यवहार पेलायचे तर मर्यादा वाढवायला हवी, हा त्याचा हिशेब साधा होता. अडीचशे बाइटांचा एक व्यवहार धरला तर एका ब्लॉकमध्ये चार हजार मावतात. ब्लॉक निघतो साधारण दहा मिनिटांनी. म्हणजे सेकंदाला जेमतेम सात. सातोशीने घाई नको म्हटलं, पण वाटही दाखवली. पुढचा एखादा ब्लॉक, उदाहरणादाखल १,१५,००० वा, आताच कोडमध्ये नेमून ठेवायचा आणि तिथून मोठी मर्यादा लागू करायची. तोवर जुन्या आवृत्त्या वापरातून गेलेल्या असतील. तो ब्लॉक २०११ च्या पहिल्या सहामाहीत आला आणि गेला. कुणी काही बदललं नाही. त्याच सुमारास सातोशीनेही सहकाऱ्यांशी पत्रव्यवहार थांबवला.

इथे या यंत्रणेची एक मेख आहे. नियम कडक करणं सोपं असतं. जुन्या सॉफ्टवेअरला नवा, छोटा ब्लॉक नियमातलाच वाटतो, त्यामुळे बहुतेक खाणकाम करणारे तयार झाले की काम भागतं. सैल करणं महाकठीण. एक मेगाबाइटच्या वरचा ब्लॉक जुनी आवृत्ती फेटाळते आणि ब्लॉकांच्या साखळीला दोन फाटे फुटतात. मर्यादा एका माणसाने गुपचूप घातली. काढायला सगळ्यांचा होकार हवा होता.

तो फाटा कसा दिसतो हे मार्च २०१३ मध्ये अनवधानानेच दिसलं. ०.८ या नव्या आवृत्तीत बर्कली डीबीच्या जागी लेव्हलडीबी हा डेटाबेस आला होता. नियमांना कुणी हात लावला नव्हता. पण २,२५,४३० वा ब्लॉक असा भरगच्च निघाला की नव्या आवृत्तीने तो स्वीकारला आणि ०.७ वाल्यांचा बर्कली डीबी त्यावर अडकला. त्या डेटाबेसला एका वेळी ठरावीकच लॉक घेता येत होते. नियम म्हणून जी कुठेच लिहिलेली नव्हती, अशी ही मर्यादा चार वर्षं मुकाट्याने नियमाचं काम करत होती! कित्येक तास दोन साखळ्या चालल्या. खाणकामाची ताकद नव्या साखळीकडे जास्त होती, तरी बीटीसी गिल्ड या खाणकाम करणाऱ्यांच्या मोठ्या गटाने (पूलने) जुन्या आवृत्तीवर परतायचं कबूल केलं आणि कमावलेल्या ब्लॉकांवर पाणी सोडलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या वादात जुन्या प्रोग्रॅमरांनी जो सावधपणा धरला, त्याचं मूळ त्या रात्रीत आहे. टीकाकारांना तो नुसता हेकटपणा वाटला.

२०१५ पासूनची भांडणं थोडक्यात उरकतो, कारण त्यात डावपेच फार आणि नवा विचार थोडा. गॅव्हिन अँड्रेसन आणि माइक हर्न या प्रोग्रॅमरांनी आठ मेगाबाइटपासून दर दोन वर्षांनी दुप्पट होणारी मर्यादा सुचवली, ती टिकली नाही. जानेवारी २०१६ मध्ये हर्नने प्रयोग फसला असं जाहीर करून काढता पाय घेतला. हाँगकाँगला करार झाला, न्यूयॉर्कला झाला, दोन्ही बारगळले. १ ऑगस्ट २०१७ ला मोठ्या ब्लॉकवाल्यांनी आठ मेगाबाइटची मर्यादा घेऊन 'बिटकॉइन कॅश' या नावाने वेगळी चूल मांडली.

खरी कल्पकता होती डिसेंबर २०१५ मध्ये पीटर विल्ला यांनी हाँगकाँगच्या परिषदेत मांडलेल्या 'सेगविट'मध्ये. व्यवहारात सही बरीच जागा खाते. ती मोजणीच्या भागातून काढून शेजारी ठेवायची आणि तिचा पुरावा ब्लॉकच्या पहिल्याच व्यवहारात गुंफायचा. जुन्या सॉफ्टवेअरला सह्यांशिवायचा ब्लॉक मिळतो, तो दहा लाखांच्या आतच असतो, त्यामुळे त्याची तक्रार नाही. नवं सॉफ्टवेअर बाइट मोजत नाही, 'वजन' मोजतं : सहीच्या बाइटचं वजन एक, बाकीच्याचं चार, एकूण चाळीस लाखांच्या आत. आकड्याला हात न लावता जागा वाढली. वर सही बदलून व्यवहाराचा क्रमांक पालटण्याची जुनी खोडही मोडली, त्यामुळे साखळीबाहेर झटपट व्यवहार करणाऱ्या लाइटनिंग जाळ्याचा रस्ता मोकळा झाला. २४ ऑगस्ट २०१७ ला, ४,८१,८२४ व्या ब्लॉकपासून, हे लागू झालं. आजच्या कोडमध्ये मर्यादा चाळीस लाख आणि गुणक चार असे दोन आकडे सापडतात.

सहीच्या बाइटला दिलेल्या या सवलतीचं पुढे काय होईल, हे मात्र कुणाच्या फारसं ध्यानीमनी नव्हतं. नोव्हेंबर २०२१ च्या 'टॅपरूट' सुधारणेने सह्यांच्या भागातल्या स्क्रिप्टची, म्हणजे खर्चाच्या अटी मांडणाऱ्या कोडची, दहा हजार बाइटांची अट उठवली. जानेवारी २०२३ मध्ये व्यवहारात मजकूर कोरण्याची 'ऑर्डिनल्स' ही पद्धत आली आणि लोक सह्यांच्या जागेत चित्रं कोंबू लागले. १ फेब्रुवारीला जवळपास चार मेगाबाइटचा एक ब्लॉक निघाला. त्यातली बहुतेक जागा एका दाढीवाल्या जादूगाराच्या चित्राने व्यापली होती. त्यावर काहींनी असे व्यवहार गाळायची मागणी केली, तर काहींचं म्हणणं, शुल्क भरलंय ना, मग आत काय आहे हे विचारणारे तुम्ही कोण? हा तंटा अजून मिटलेला नाही.