तिकीट कोणी ठरवायचं? पुणे करारातली विसरलेली पहिली फेरी

निवडणूक जवळ आली की अड्याळच्या पानठेल्यावर एकच प्रश्न असतो: "तिकीट कोणाले?" तिकीट कोणाला द्यावं, हे मात्र आपल्याला कोणी विचारत नाही. एबी फॉर्म वरून येतो आणि आलेल्यांपैकी बरा कोण, एवढंच आपल्या हातात उरतं.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तिकीटसुद्धा मतदानाने ठरतं. त्याला प्रायमरी म्हणतात. कुठे त्यात फक्त पक्षाचे म्हणून नोंदलेले मतदार मत देतात, कुठे सगळेच. कॅलिफोर्नियात २०१० साली लोकांनीच कौल दिला की पहिली फेरी सर्व मतदारांना खुली असावी आणि पहिले दोन, पक्ष कोणताही असो, शेवटच्या लढतीत जावेत. आपल्याकडेही असंच करा, असं म्हणणारे मित्र मला भेटतात. त्यांना मी सांगतो, राजेहो, दोन फेऱ्यांचा प्रयोग आपल्या देशात कायद्याने होऊन गेला आहे.

२४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आपल्याला राखीव जागांसाठी माहीत आहे. त्यात प्रांतिक कायदेमंडळांसाठी १४८ जागा ठरल्या. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, त्या प्रांताच्या वाट्याला २० आल्या. पण करारातली प्राथमिक निवडणुकीची अट फारसं कोणी वाचत नाही. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करायचं, त्यातून चार जण निवडायचे, आणि मग त्या चौघांतून एकाला सर्व मतदारांनी निवडायचं. मुदत जास्तीत जास्त दहा वर्षे.

कागदावर हे दोघांनाही न्याय देणारं दिसतं. आता हिशोब करा. पहिल्या फेरीत समाजाने ज्याला डोक्यावर घेतलं तो पहिला आला. जो चौथा आला, तोही शेवटच्या फेरीत त्याच्याच रांगेत उभा. तिथे मतदार बहुसंख्य इतर समाजांचे. त्यांना चौथा सोयीचा वाटला की चौथाच आमदार. शिवाय उमेदवार चारपेक्षा जास्त नसतील तर पहिली फेरी घ्यायचीच नाही.

१९४६ च्या निवडणुकीत नेमकं हे दिसलं. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार काही ठिकाणी पहिल्या फेरीत पुढे होते, शेवटच्या फेरीत पडले. बाबासाहेबांनी कॅबिनेट मिशनसमोर हीच आकडेवारी ठेवली. त्याच वर्षी फेडरेशनने पुण्यात सत्याग्रह केला. खुद्द बाबासाहेबांना घटना समितीत जायला बंगालमधून निवडून यावं लागलं. पुढे राज्यघटना आली. राखीव जागा राहिल्या, पहिली फेरी गेली.

आणि १९५४ साली हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात आला. भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक, जागा दोन, त्यातली एक राखीव. मतदार सगळे एकच. राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते. निवडून आले काँग्रेसचे भाऊराव बोरकर.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हेच उलट्या बाजूने झालं. तिथे डेमोक्रॅटिक पक्षच जिंकणार हे ठरलेलं असायचं, म्हणून खरी निवडणूक पक्षाची प्रायमरी. आणि त्या प्रायमरीत काळ्या लोकांना मतच नव्हतं. १९४४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बंद पाडलं. म्हणजे टेक्सासमध्ये दुबळ्याला पहिल्या फेरीतून बाहेर ठेवलं. इथे पहिली फेरी त्याला दिली, पण निकाल दुसऱ्याच्या हातात ठेवला.

अलीकडचा प्रयोग शेजारच्या वर्ध्याचा. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने देशातल्या १६ मतदारसंघांत प्रायमरी जाहीर केली, त्यात वर्धा होतं. मत कोणाला? पदाधिकारी आणि पक्षाचे निवडून आलेले लोक यांना. साध्या मतदाराला नाही. जिंकले कोण? तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे. प्रत्यक्ष निवडणुकीत ते भाजपच्या रामदास तडसांकडून हरले आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं.

मग आता काय? एके काळी अड्याळच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला आणि आपण भंडाऱ्यात आलो. भंडारा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, म्हणून हा इतिहास आपल्याला लागू पडतो. इथला मतदार पक्षाच्या तिकिटावर थांबत नाही, हे २०१९ ला दिसलं: युतीत जागा दुसऱ्या पक्षाला गेली तरी नरेंद्र भोंडेकर अपक्ष निवडून आले.

माझं मत स्पष्ट आहे. तिकीट बंद खोलीत ठरू नये. मतदारसंघातल्या पक्ष सदस्यांची यादी जाहीर व्हावी, त्यांचं गुप्त मतदान व्हावं आणि त्यावर निवडणूक आयोगाची नजर असावी. पण पहिली फेरी सरसकट सगळ्या मतदारांना खुली करायला माझा विरोध आहे, निदान राखीव जागांवर. शेवटची फेरी आधीच सगळ्यांची आहे. पहिलीही सगळ्यांची झाली, तर ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांनी आपलं माणूस म्हणायचं कोणाला आणि कुठे? १९३२ च्या करारात निदान एक फेरी तरी त्यांची होती.

येत्या निवडणुकीत प्रचाराला दारात येईल त्याला एवढंच विचारा: भाऊ, तुमचं नाव कोणी ठरवलं?