वेगाचा काटा

उसाने भरलेली ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर नेण्याआधी बाहेरच्या खासगी काट्यावर वजन करून घेणारा शेतकरी महाराष्ट्राला नवा नाही. ‘काटामारी’ हा त्याच्या तोंडचा नेहमीचा शब्द. माल त्याचा, पण वजन सांगणारा दुसरा, आणि त्या वजनावर वर्षाचा हिशेब ठरणार. म्हणून तो दुसरा काटा शोधतो. संगणक विकत घेणाऱ्याची अवस्था नेमकी उलटी, पण पेच तोच. माल कंपनीचा, वेगाचा आकडाही कंपनीनेच छापलेला, पैसे मात्र आपले. हा आकडा खरा की खोटा, तो कोणी ठरवला आणि तपासायचा कोणी?

गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाचा सर्वांत चिवट पाठपुरावा केला तो घरी बसून खेळ खेळण्यासाठी संगणक जोडणाऱ्या हौशी मंडळींनी. त्यांच्या उद्योगाला दोन नावे आहेत. प्रोसेसरला छापील वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, आणि ठरावीक काम देऊन यंत्राचा वेग मोजणे म्हणजे बेंचमार्किंग. संगणकाच्या इतिहासात या मंडळींना फारशी जागा मिळत नाही. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. जुनी मासिके, यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि रद्दीत निघालेले मदरबोर्ड एवढ्यावरच माझे शिक्षण झाले. त्या साधनांतून मला दिसलेला हा इतिहास आहे.

आकडा येतो कुठून?

प्रोसेसरच्या आत एक ठोका सतत पडत असतो. प्रत्येक ठोक्याला काम एक पाऊल पुढे सरकते. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. हा ठोका मूळ येतो तो क्वार्ट्झच्या एका छोट्या स्फटिकातून.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. हा विचित्र आकडा पाहून ती इंटेलच्या ८०८८ प्रोसेसरची कमाल मर्यादा असावी, असे वाटते. प्रत्यक्षात तो प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला होता. पण अमेरिकन रंगीत टीव्हीच्या संकेताशी जुळणारा १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक यंत्रात बसवायचाच होता. त्याला तीनने भागले की ४.७७ येतात. एक स्फटिक वाचला आणि काम भागले. म्हणजे जगभर ज्या यंत्राला प्रमाण मानले गेले, त्याच्या वेगाचा आकडा टीव्हीच्या सोयीने आणि काटकसरीने ठरला होता.

पुढच्या काळात आकडा ठरवण्याची रीत बदलली. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिप तयार होतात, पण सगळ्या सारख्या निघत नाहीत. आंब्याच्या पेट्या लावताना प्रतवारी करावी तशी त्यांची चाचणी होते आणि जी ज्या वेगाला विनातक्रार चालेल तो वेग तिच्यावर छापला जातो. इथवर सगळे सरळ आहे. गोम पुढे आहे. कारखान्याचा हात बसला की बहुतेक चिप वरच्या प्रतीच्या निघू लागतात, पण बाजाराला स्वस्त मालही हवा असतो. मग चांगल्या चिपवर खालचा आकडा छापून ती स्वस्तात विकावी लागते. हापूसच पायरीच्या भावाने पेटीत भरलेला असतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा हीच पेटी हुडकत असतो.

स्फटिक, चिकटपट्टी आणि पेन्सिल

१९८४ साली आयबीएमने ‘पीसी एटी’ बाजारात आणला. त्याचा वेग ६ मेगाहर्ट्झ, आणि तो १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकातून अर्धा करून घेतलेला. स्फटिक खोबणीत बसवलेला असल्याने उपटून बदलता येई. लोकांनी तिथे १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक लावला आणि काही डॉलरांत यंत्र ८ मेगाहर्ट्झने धावू लागले. आयबीएमने पुढच्या एटीच्या बायोसमध्ये वेग तपासण्याची सोय केली. घड्याळ ठरल्यापेक्षा जलद आढळले तर यंत्र सुरूच होत नसे. ग्राहकाने विकत घेतलेले यंत्र ग्राहकाच्याच विरोधात पहारा देऊ लागले, ते इथून.

या इतिहासातला सोन्याचा दिवस म्हणजे २४ ऑगस्ट १९९८. त्या दिवशी इंटेलने दोन प्रोसेसर एकत्र जाहीर केले. पेंटियम-टू ४५० मेगाहर्ट्झची घाऊक किंमत ६६९ डॉलर होती, सेलेरॉन ३००ए ची १४९ डॉलर. सेलेरॉनचा वेग ६६ मेगाहर्ट्झच्या बसला साडेचारने गुणून ३०० होई. गुणक इंटेलने कुलूपबंद केला होता, पण बस मोकळी होती. बस १०० वर नेली की साडेचार गुणिले शंभर, म्हणजे बरोबर ४५०. बहुसंख्य चिप हा वेग सहज पेलत. शिवाय सेलेरॉनची १२८ केबी कॅश स्मृती त्याच चिपवर असून पूर्ण वेगाने चाले. पेंटियम-टूची ५१२ केबी असली तरी वेगळ्या चिपमध्ये आणि अर्ध्या वेगाची. त्यामुळे अनेक खेळांत गरिबाघरचे पोर श्रीमंताच्या बरोबरीने धावू लागले.

बस वाढवण्याच्या युक्त्याही घरगुती होत्या. काही मदरबोर्डांवर प्रोसेसरच्या पट्टीवरची ‘बी२१’ क्रमांकाची पिन चिकटपट्टीने झाकली की बोर्डाला हा प्रोसेसर १०० मेगाहर्ट्झ बसचा वाटे. अबिट कंपनीच्या ‘बीएच६’ बोर्डात तर तेवढेही करावे लागत नसे. बायोसच्या पडद्यावर आकडा बदलला की झाले. त्यानंतर दोन वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्ड प्रोसेसरांवर शाळेतली पेन्सिल चालली. चिपवरचे तोडलेले बारीक पूल शिशाच्या रेघेने जोडले की गुणकाचे कुलूप उघडे, कारण पेन्सिलीतले ग्रॅफाइट विजेचे वाहक असते.

गुणकाला कुलूप घालण्यामागे कंपन्यांचे एक कारण रास्त होते, हे नोंदवले पाहिजे. नव्वदच्या दशकात कमी वेगाच्या चिपवरचे आकडे खरवडून वरचे आकडे छापणारे भेसळखोर जगभर होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, सुटे भाग जोडून संगणक करून घेणाऱ्या आपल्या पिढीला ‘ओरिजिनल आहे ना?’ हा प्रश्न पाठ होता. स्वतःच्या यंत्राचा वेग जाणूनबुजून वाढवणारा हौशी आणि दुसऱ्याला फसवून वाढीव वेग विकणारा ठग, दोघांची युक्ती एकच होती. फरक होता तो सांगून करण्याचा.

वेग वाढवण्याची किंमतही असते. उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले तर उष्णता तेहतीस टक्क्यांनी वाढते. शिवाय यंत्र पळते आहे म्हणजे बरोबर चालते आहे असे नाही. ते बेरीज चुकवूनही पळू शकते. म्हणून या मंडळींनी कडक परीक्षा स्वीकारल्या. प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला ‘प्राइम९५’ हा प्रोग्राम रात्रभर चालवायचा, आणि एक जरी चूक निघाली तरी वेग खाली आणायचा. टोकियो विद्यापीठातील यासुमासा कानडा यांच्या प्रयोगशाळेत पायचे अंक काढण्यासाठी जन्मलेला ‘सुपर पाय’ही असाच घराघरांत पोचला. दहा लाख अंक किती सेकंदांत निघाले, यावर पैजा लागू लागल्या.

मापाचे माप

वेग मोजायची मापे मात्र हौशींच्या कितीतरी आधीची. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या ब्रायन विचमन यांनी खरे प्रोग्राम कोणत्या सूचना किती वेळा वापरतात याची मोजदाद केली आणि त्यावरून १९७२ च्या सुमारास हॅरोल्ड कर्नो यांनी ‘व्हेटस्टोन’ ही चाचणी लिहिली. नाव लेस्टरशायरमधल्या गावाचे. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘ओला’ या अर्थाच्या शब्दाशी जुळतो, म्हणून १९८४ साली राइनहोल्ड वायकर यांनी आपल्या चाचणीला गमतीने ‘ड्रायस्टोन’, म्हणजे ‘कोरडा’, नाव दिले. लवकरच कंपायलर इतके हुशार झाले की चाचणीतले ‘ज्याचा निकाल पुढे वापरला जात नाही’ असे काम ते गाळूनच टाकत. वायकरना १९८८ मध्ये चाचणी सुधारून द्यावी लागली.

इथे काटामारीची सुरुवात दिसते. माप प्रतिष्ठेचे झाले की माल सुधारण्यापेक्षा माप फुगवणे स्वस्त पडते.

मापाची ही प्रतिष्ठा किती असते, याचे एक उदाहरण पुण्याचे. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटा समूहाच्या पुण्यातील ‘एका’ या महासंगणकाने जगाच्या ‘टॉप५००’ यादीत चौथा क्रमांक मिळवला, आणि आपल्याकडे त्याचे योग्य कौतुक झाले. ती यादी ‘लिनपॅक’ या एकाच चाचणीवर लागते, म्हणजे समीकरणांची प्रचंड मोठी संहती किती वेगाने सुटते यावर. तिथेही हे माप पुरेसे आहे का, हा वाद चालतो. पण तिथे मोजणारे, मोजून घेणारे आणि खरेदीदार तिघेही जाणकार असतात. घरच्या संगणकाचे तसे नाही.

घरच्या संगणकासाठी फिनलंडहून १९९८ मध्ये ‘थ्रीडीमार्क’ आला. खेळासारखी दृश्ये धावतात आणि शेवटी एक आकडा मिळतो. त्या आकड्यावर ग्राफिक्स कार्डांची विक्री होऊ लागली. मग जे व्हायचे ते झाले. २००१ साली एटीआयच्या नव्या कार्डाचा ड्रायव्हर ‘क्वेक’ या खेळाचे नाव ओळखून चित्राची प्रत खालावतो आणि वेग वाढवून दाखवतो, असे उघड झाले. पकडण्याची युक्ती साधी होती. खेळाच्या फाइलचे नाव ‘क्वेक’चे ‘क्वॅक’ केले, आणि वेग खाली आला. २००३ साली पाळी एनव्हिडियाची. थ्रीडीमार्कमधला कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो. ती वाट ठाऊक असल्यासारखा ड्रायव्हर न दिसणारा भाग रंगवतच नव्हता. चाचणीकर्त्या फ्यूचरमार्कने ही पळवाट बुजवल्यावर एनव्हिडियाच्या सर्वांत महागड्या कार्डाचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. काही दिवसांतच दोन्ही कंपन्यांचे संयुक्त निवेदन निघाले, त्यात ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतला होता. काटा खासगी असला तरी तोही कोणाच्या तरी अंगणात उभा असतो, हे तेव्हा कळले.

कारखानाच शर्यतीत उतरतो

मार्च २००० मध्ये एएमडीने १००० मेगाहर्ट्झचा टप्पा गाठला. इंटेल दोन दिवसांनी पोचली. मागे पडल्याची सल इंटेलला असणारच. जुलैच्या अखेरीस तिने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-थ्री जाहीर केला. तो तपासायला मिळालेल्यांपैकी डॉ. थॉमस पाब्स्ट हे पेशाने वैद्यक, आणि काइल बेनेट हे ओव्हरक्लॉकिंगच्या हौसेतून पुढे आलेले लेखक. त्यांच्या लक्षात आले की खेळ चालतात, पण लिनक्सचा गाभा कंपाइल करायला घेतला की यंत्र कोलमडते. लक्षणे ओळखीची होती. मर्यादेपलीकडे ताणलेली चिप अशीच वागते, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते. इंटेलने चाचण्या केल्या आणि महिन्याभरात तो प्रोसेसर परत घेतला.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हाच. ज्या उद्योगाला कंपन्या उनाडपणा समजत, त्याच उनाडपणातून आलेल्या नजरेने कारखान्याने केलेले ओव्हरक्लॉकिंग ओळखले.

पुढे भौतिकशास्त्रच आडवे आले. उष्णतेने वेगाची शर्यत थांबवली. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-फोर रद्द केला आणि मुख्य कार्यकारी अधिकारी क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर गुडघे टेकून, अर्धे गमतीने, माफी मागितली. मग कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. एक, गरजेपुरता वेग आपोआप वाढवणारी ‘टर्बो’ सोय चिपमध्येच घालायची. दुसरी, कुलूप काढलेले प्रोसेसर ‘के’ अक्षर लावून जास्त किमतीला विकायचे. २०१० मध्ये तर इंटेलने ५० डॉलरचे कार्ड काढले. त्यावरचा क्रमांक भरला की चिपमध्ये आधीपासूनच असलेली, पण बंद ठेवलेली क्षमता खुली होई. २०१२ ते २०२१ या काळात वेग वाढवून जळालेला प्रोसेसर बदलून देणारी विमा योजनाही होती. पूर्वी पेन्सिलीने मिळणारे आता बिलावर मिळू लागले.

हौशींपैकी काही जण मग विक्रमांकडे वळले. द्रवरूप नायट्रोजन, म्हणजे उणे १९६ अंश, आणि त्याहून थंड द्रवरूप हेलियम ओतून २०२२ च्या अखेरीस ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला गेला. तो खेळ पाहण्यासारखा आहे, पण त्याचा आपल्या टेबलावरच्या यंत्राशी संबंध संपला आहे.

टेबलावरच्या यंत्राची गोष्ट २०२४ मध्ये पुन्हा समोर आली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर खेळ खेळताना कोलमडू लागले. आरडाओरडा आधी खेळणाऱ्यांनी आणि खेळ बनवणाऱ्यांनी केला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने जादा व्होल्टेज आवरणारी दुरुस्ती दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. यातल्या अनेकांनी वेगाला हातही लावला नव्हता. पेटीतून निघालेले यंत्रच काठावर उभे होते.

आता चिपमध्ये हापूस पायरीच्या भावाने उरलेला नाही. शेवटचा थेंब कारखानाच पिळून घेतो. त्यामुळे ओव्हरक्लॉकिंगची जुनी बरकत संपली, आणि त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. काळजी वेगळी आहे. प्रोसेसरचे कवच उघडून, पिन झाकून, रात्रभर चाचणी लावून बसणाऱ्यांकडे एक ज्ञान होते. यंत्र कुठे ताणले जाते आणि ताणल्यावर कसे कण्हते, हे त्यांना हाताने कळत होते. आजचे फोन आणि संगणक सीलबंद आहेत, वेग क्षणाक्षणाला आपोआप बदलतो. २०१३ मध्ये काही फोन चाचणीचे नाव ओळखूनच जास्त वेगाने पळत होते, हेही अशाच बारकाईने पाहणाऱ्यांनी उघड केले. अशी नजर तयार होण्याची शाळा म्हणजे ती हौस होती. रस्त्याकडेचा दुसरा काटा बंद पडला, तर पहिल्यावर विश्वास ठेवण्याखेरीज काही उरत नाही. आणि पहिला काटा कोणाचा आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे.