जिंकणारे शहर कोणाचे?

अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले, तेव्हा मुंबई बंदरातून कापसाच्या गासड्या लिव्हरपूलला जाऊ लागल्या. त्या कापसाने मुंबईत पैसा कसा खेळला, हे आपण शाळेत वाचतो. गासड्या उतरवून घेणाऱ्या शहराचे पुढे काय झाले, हे मात्र आपण विचारत नाही. आम्हीही फुटबॉलच्या नादानेच तिकडे वळलो.

1931 मध्ये तेथे सुमारे साडेआठ लाख लोक राहत. 1981 मध्ये जेमतेम पाच लाख उरले. कंटेनर आले आणि गोदी कामगारांचे हात रिकामे झाले. 1973 मध्ये ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारपेठेत गेला, व्यापार दुसऱ्या किनाऱ्याकडे सरकला. 1981 मध्ये जुना साखर कारखानाही बंद पडला. शहरावर पैसा ओतण्यापेक्षा त्याला पद्धतशीर ओसरू द्यावे का, असा विचार अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी त्याच वर्षी थॅचरबाईंकडे खासगीत मांडला. ते कागद 2011 च्या अखेरीस उघड झाले.

आणि हेच शहर जिंकत होते! 1977, 1978, 1981, 1984 असे चार युरोपियन कप. 1982 ते 1988 सलग सात वर्षे इंग्लिश लीग याच शहरात राहिली. पाचदा लिव्हरपूलकडे, दोनदा एव्हर्टनकडे. 1984 च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात हे दोघेच वेम्ब्लीवर भिडले, तेव्हा लाल-निळे प्रेक्षक मिळून ‘मर्सीसाइड’चा घोष करीत होते. बेकारभत्त्याच्या रांगेत न मिळणारी मान-इज्जत इथे मिळत होती. याला कोणी अफू म्हणो. आम्ही म्हणणार नाही.

पण ‘आपले शहर’ म्हणताना त्यात कोण कोण धरले होते? हॉवर्ड गेल टॉक्सटेथ वस्तीत जन्मलेला, लिव्हरपूलकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय. 22 एप्रिल 1981 रोजी म्युनिकमध्ये डाल्ग्लिश जखमी झाला, गेल मैदानात उतरला आणि बायर्नच्या बचावफळीची त्याने दाणादाण उडवली. सामना संपण्याआधीच त्याला परत बोलावले गेले. चिडून तो लाल कार्ड ओढवून घेईल, अशी प्रशिक्षकांना धास्ती. 27 मे रोजी पॅरिसमध्ये संघाने कप जिंकला, तेव्हा गेल राखीव बाकावर होता. जुलैत टॉक्सटेथ पेटले. पोलिसांच्या जाचाला कंटाळलेली कृष्णवर्णीय पोरे रस्त्यावर आली, त्यांच्यावर अश्रुधूर सोडला गेला. कप येऊन दोन महिनेही झाले नव्हते.

1988 मध्ये जॉन बार्न्सवर याच शहरातल्या मैदानात केळे फेकले गेले. त्याने ते टाचेने बाजूला सारले.

2017 मध्ये मोहम्मद सलाह आला. गोल केल्यावर तो सजदा करी आणि स्टँड गाऊ लागे, हा असेच गोल करीत राहिला तर आम्हीही मुसलमान होऊ! 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तो आल्यानंतर मर्सीसाइडमधील द्वेषमूलक गुन्हे अपेक्षेपेक्षा 16 टक्क्यांनी कमी दिसले. वाचून आम्हाला बरे वाटले, खोटे का बोला? फक्त त्या गाण्यातला ‘तर’ तेवढा आमच्या कानात राहिला आहे.