पाळीव प्राण्यांची तहान आणि ‘स्मार्ट’ कारंजे

सोलापुरातील सात रस्ता चौकात एप्रिल-मेच्या दुपारी रहदारी विरळ होते. पारा ४२ ते ४४ अंशांच्या घरात गेलेला असतो आणि भटकी कुत्री उभ्या गाड्यांखालची सावली धरून, जीभ बाहेर काढून पडलेली असतात. आसपासच्या इमारतींत पाळलेल्या कुत्र्या-मांजरांचे दिवस त्या मानाने सुखाचे. पण घरातील माणसे कामावर गेली, की त्यांचीही सारी भिस्त कोपऱ्यातल्या एका वाडग्यावर असते. ते सकाळीच लवंडले, तर संध्याकाळपर्यंत विचारणारे कोणी नाही. विजेवर चालणारे, पाणी सतत खेळते ठेवणारे आणि मोबाइलवर सूचना धाडणारे ‘स्मार्ट’ कारंजे अशाच घरांसाठी बाजारात आले आहे. त्याचा उपयोग आहे, हे खरे. मात्र तो जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही, आणि सोलापूरसारख्या शहरात त्याच्या काही खास अडचणीही आहेत.

या कारंज्याचा खरा संबंध मांजराशी आहे. पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियाच्या रुक्ष प्रदेशातील रानमांजर. उंदीर, पक्षी अशा शिकारीच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. त्यावरच त्याची गरज बरीचशी भागे. मूत्र अतिशय घट्ट करून पाणी वाचविण्याची क्षमता त्याच्या मूत्रपिंडाला लाभली आणि तहानेची जाणीव मात्र मंद राहिली. हीच सवय घरातल्या मांजरात उतरली आहे. अडचण होते ती अन्न बदलल्यामुळे. चार किलो वजनाच्या मांजराला अन्नासह दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्के. म्हणजे ६० ग्रॅम दाण्यांतून मिळते अवघे ६ मिलिलिटर. उरलेले सगळे वाडग्यातून प्यायला हवे आणि नेमके तेच मांजर टाळते. मूत्र घट्ट राहते, त्यात खडे धरण्याची शक्यता वाढते, आणि मूत्रपिंडाचा विकार आधीच जडलेल्या वयस्क मांजराची प्रकृती पाण्याअभावी आणखी खालावते.

अनेक मांजरे वाडग्याकडे पाठ फिरवून नळाच्या धारेखाली तोंड धरतात, हे पाळणाऱ्यांच्या नित्य पाहण्यातले आहे. अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. मेरी बर्न्स यांना आपल्या मांजराच्या याच खोडीवरून कारंज्याची कल्पना सुचली आणि १९९०च्या दशकात ‘ड्रिंकवेल’ बाजारात आले. पुढे चिनी कंपन्यांनी त्याला संवेदक, वाय-फाय आणि मोबाइल ॲपची जोड दिली. आज भारतात साधे कारंजे हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळते. ‘स्मार्ट’ म्हणविणाऱ्याला त्याच्या काही पट मोजावे लागतात.

वाहत्या पाण्याने मांजर अधिक पाणी पिते का, हे शास्त्रीय कसोटीवर तपासून पाहिले गेले आहे. २०१० आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष जाहिरातदारांना फारसे सोयीचे नाहीत. पहिल्यात कारंज्यातून पिण्याचे प्रमाण थोडे वाढलेले दिसले, पण मूत्राच्या घट्टपणात लक्षणीय फरक पडला नाही. दुसऱ्यात सरासरी फरकच आढळला नाही; एकेका मांजराची आवडनिवड तेवढी ठळक होती. कोणाला धार आवडते, कोणाला स्थिर पाणी. तेव्हा कारंजे आणले, तरी जुने वाडगे काढून टाकू नये. मूत्रविकार असलेल्या मांजरासाठी तर ओलसर अन्न हा कितीतरी खात्रीचा मार्ग आहे. ८५ ग्रॅमच्या एका पाकिटातूनच ६५ ते ७० मिलिलिटर पाणी पोटात जाते. दुधाचा पर्याय मात्र काढू नये. पुष्कळ प्रौढ मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब होऊन अंगातले पाणी उलट कमी होते.

यंत्राची रचना साधी आहे. दोन-तीन लिटरची टाकी, तळाशी बुडालेला छोटा पंप, केस व कचरा अडविणारा स्पंज, आणि वास शोषणारा सक्रिय कोळसा. काहींत पाण्याचा जडपणा कमी करणारे राळेचे दाणेही असतात. पंप सुमारे दोन वॅटचा असल्याने महिनाभर अखंड चालूनही वीज दीड युनिटच्या आसपास लागते. खर्च आहे तो गाळणीचा. ती दोन ते चार आठवड्यांनी बदलावी लागते.

सोलापूरचा प्रश्न इथे सुरू होतो. १०० किलोमीटरहून दूर असलेल्या उजनी धरणातून जलवाहिनीने पाणी येणारे हे शहर २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या वीस शहरांत निवडले गेले, तरीही नळाला रोज पाणी हे सुख सोलापूरकरांना अनेक वर्षे मिळाले नाही. तीन-चार, कधी पाच दिवसांआड येणारे पाणी पिंपांत, टाक्यांत भरून ठेवण्याची सवय घरोघरी जडली. कमी पडले की बोअरचे पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेले हे पाणी बहुधा जड असते. ते कारंज्यात सतत खेळते राहिले, की कोरड्या हवेत झपाट्याने बाष्प होते आणि क्षार मागे उरतात. बादलीवर जमणारा पांढरा थर इथे पंपाच्या चकतीवर जमतो. पंप प्रथम घरघरतो, मग अडतो. पाणी आटून पंप कोरडा फिरला, तर जळतोही. शक्य असेल तेथे पिण्यासाठी गाळलेलेच पाणी कारंज्यात घालावे. आठवड्यातून एकदा पंप उघडून चकती काढावी, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि स्वच्छ धुवावी. कडेला हाताला बुळबुळीत लागणारा थर म्हणजे जीवाणूंची वस्ती. ती वाहत्या पाण्यातही वाढते आणि गाळणीने जात नाही, घासूनच काढावी लागते. प्लॅस्टिकपेक्षा पोलादाचे किंवा चिनी मातीचे भांडे बरे, कारण ओरखड्यांत घाण धरत नाही. एवढे करण्याची तयारी नसेल, तर रोज घासून भरलेले साधे स्टीलचे वाडगे या यंत्राहून निश्चित चांगले.

वीज गेली की कारंजे थांबते. वरच्या थाळीत पाणी उरणारी रचना त्यासाठी पाहून घ्यावी.

‘स्मार्ट’पणाचा खरा लाभ पाणी पाजण्यात नसून नोंद ठेवण्यात आहे. कुत्रे किंवा मांजर अचानक जास्त पाणी पिऊ लागणे हे मधुमेहाचे, मूत्रपिंडाच्या विकाराचे, आणि नसबंदी न केलेल्या कुत्रीत गर्भाशयात पू झाल्याचेही लक्षण असू शकते. असा बदल ॲपच्या आलेखात दिसू शकतो. पण बहुतेक यंत्रे प्राणी किती वेळा आला एवढेच मोजतात, किती प्यायला ते नव्हे. आणि घरात दोन मांजरे असली, तर कोण आले हेही साध्या यंत्राला सांगता येत नाही. मापाने ५०० मिलिलिटर भरून दुसऱ्या दिवशी उरलेले मोजणे याहून अचूक ठरते. तसेच दुसरे भांडे प्राण्याच्या आवाक्याबाहेर ठेवले, की उन्हाने किती उडाले तेही कळते.

कुत्र्याचे गणित निराळे आहे. ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला एरवीच दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. लाळ गाळत, लपालपा पिणाऱ्या या प्राण्यापुढे दोन लिटरचे कारंजे अपुरे आणि लवकर गढूळ होणारे. विहिरीलगत जनावरांसाठी दगडी डोणी बांधणाऱ्या जुन्या पिढीने ती रुंद व जड केली होती; तेच तत्त्व इथे लागू पडते. कुत्रे मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता घालवते, आणि प्रत्येक धापेबरोबर पाणीही जाते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. गच्चीवर किंवा फाटकाबाहेर ठेवलेली भांडी मात्र आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करावीत. डेंग्यूच्या डासांसाठी पाळायचा ‘कोरडा दिवस’ त्यांनाही लागू आहे.

हिरड्या कोरड्या व चिकट होणे, मानेवरची चिमटीत धरलेली कातडी लगेच पूर्ववत न बसणे, मलूलपणा ही पाणी कमी पडल्याची लक्षणे. धाप थांबत नसेल, प्राणी लडखडत असेल, तर उष्माघात समजून त्याला सावलीत घ्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतून वारा घालावा आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. नर मांजर पुन्हा पुन्हा मातीच्या पेटीत बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मार्ग तुंबलेला असतो. बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करण्यात दिवस घालविला, तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते. अशा मांजराला एक-दोन दिवसांचाच अवधी असतो. त्याला त्याच रात्री पशुवैद्याकडे न्यावे लागते.