किरमिजी किरडू

‘हॉबिट’मधल्या स्माउगचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं. टोल्किन यांच्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात डोंगराखाली सोन्यावर पसरलेला तो ड्रॅगन ‘प्रिव्हतान’ नावाने येतो. जॉन रेटलिफ यांनी हे खर्डे २००७ मध्ये छापून आणले. नाव वेल्श भाषेतलं आहे. ‘तान’ म्हणजे आग आणि ‘प्रिव्ह’ म्हणजे किडा, अळी.

या ‘प्रिव्ह’पाशी मी अडकलो तो आजतागायत. फार जुन्या मूळ भाषेतला एक ‘क्व’ वेल्शमध्ये येताना ‘प’ होतो, आयरिशमध्ये ‘क’ राहतो आणि आपल्याकडे ‘क’ किंवा ‘च’ होऊन येतो. आपलं ‘चत्वार’ वेल्शमध्ये ‘पेदवर’ होतं, ते याच नियमाने. दोन स्वरांमधला ‘म’ वेल्शमध्ये झिजून ‘व्ह’ होतो. आता ‘प्रिव्ह’चा ‘प’ काढून ‘क’ ठेवा, ‘व्ह’च्या जागी ‘म’ ठेवा. हाती येतो तो आपला ‘कृमी’. ही माझी कल्पना नव्हे, व्युत्पत्तिकोशांतली सर्वमान्य गोष्ट आहे. इंग्रजी कल्पनारम्य साहित्यातल्या सर्वांत प्रसिद्ध ड्रॅगनचं पहिलं नाव संस्कृतात मांडायचं तर ‘अग्निकृमी’ होतं!

पण कृमीच का? वेल्शमध्ये ड्रॅगनसाठी ‘द्रैग’ हा सरळ शब्द आहे आणि वेल्सच्या झेंड्यावर तो लाल रंगात उभा आहे. टोल्किन यांना वेल्शचं वेड होतं. लहानपणी कोळशाच्या मालडब्यांवर वेल्श नावं वाचून ते लागलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. ‘द्रैग’ माहीत असूनही त्यांनी ‘प्रिव्ह’ निवडला.

रूढ उत्तर असं आहे. जुन्या इंग्रजीत ‘व्युर्म’ म्हणजे बिनपायाचं, सरपटणारं काहीही. गांडूळही व्युर्म, नागही व्युर्म आणि ‘बेवूल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात नायकाला मारणारा ड्रॅगनही व्युर्मच. टोल्किन त्या काव्याचे मोठे अभ्यासक. १९३६ चं त्यांचं बेवूल्फवरचं व्याख्यान आजही वाचलं जातं. त्यांनी इंग्रजी सवय वेल्शमध्ये नेली, एवढंच. उत्तर चूक नाही, पण ते अर्ध्यावर थांबतं. एवढ्या अक्राळविक्राळ प्राण्याला मुळात किड्याचं नाव का मिळालं, हे ते सांगत नाही.

इथे भाषाशास्त्रातलं एक जुनं कोडं कामी येतं. ‘व्युर्म’ आणि लॅटिन ‘व्हर्मिस’ हे एका कुळातले. संस्कृत ‘कृमि’, फारसी ‘किर्म’ आणि वेल्श ‘प्रिव्ह’ हे दुसऱ्या कुळातले. अर्थ तोच, चाल तीच, यमकही जुळतं. फक्त पहिला ध्वनी वेगळा आणि तो कोणत्याही नियमात बसत नाही. काहींच्या मते ही दोन स्वतंत्र नावं योगायोगाने जुळली. दुसरा पक्ष म्हणतो की शब्द एकच होता, पण भीतीपोटी लोकांनी तो मुद्दाम वाकडा उच्चारला. खरं नाव घेतलं की तो प्राणी येतो, म्हणून.

मी बेधडक दुसऱ्या पक्षाचा, कारण ते मी घरात ऐकलं आहे. माझी आजी वेंगुर्ल्याकडची. दिवेलागणीनंतर तिच्या तोंडून ‘साप’ हा शब्द कधी निघाला नाही. घाटावर अशा वेळी ‘लांबडं’ म्हणतात. आजी ‘जनावर’ म्हणायची, नाहीतर ‘किरडू’. माजघरात पाच हातांची धामण निघाली तरी ते किरडूच! भयाला किड्याएवढं करून टाकायची ही युक्ती आहे. जुन्या इंग्लंडातल्या शेतकऱ्याला ती सुचली नसेल असं मानायला मी तयार नाही.

फारसी ‘किर्म’चा एक फाटा तर थेट आपल्या कपाटात येतो. ओकच्या झाडावरचे बारीक किडे वाळवून त्यांचा लाल रंग काढत. त्याला अरबी-फारसीत ‘किर्मिझ’ म्हणत. त्यातून इंग्रजी ‘क्रिमझन’ निघाला आणि आपला ‘किरमिजी’ही. काही जण तो संस्कृत ‘कृमिज’पासून काढतात. वाट कुठलीही धरा, उगम किड्यातच. आणखी गंमत म्हणजे इंग्रजीतला दुसरा लाल, ‘व्हर्मिलियन’, लॅटिन ‘व्हर्मिस’वरून आला आहे. म्हणजे त्या यमकातल्या दोन्ही शब्दांनी एकेक लाल रंग जन्माला घातला.

आता स्माउगचा रंग आठवा, लालसर सोनेरी. वेल्सच्या झेंड्यामुळे असेल, आगीमुळे असेल, असं कोणी म्हणेल. मला मात्र वाटतं की शब्दांच्या कुळांवर जगणाऱ्या माणसाने ड्रॅगनला ‘कृमी’ म्हटल्यावर तो किरमिजीच होणार.

टोल्किन यांच्या जगातला ड्रॅगनांचा इतिहासही किड्यापासूनच सुरू होतो. दुष्ट मॉर्गोथने अंगबांड या आपल्या गडात पैदा केलेला पहिला ड्रॅगन ग्लाउरुंग. पहिल्या युगाच्या २६० व्या वर्षी तो अर्धवट वाढलेला असतानाच बाहेर पडला आणि एल्फ धनुर्धारी घोडेस्वारांनी त्याला पिटाळून लावलं. तो आग ओकतो, पण त्याला पंख नाहीत. तो सरपटतो. ४९५ मध्ये एल्फांचं नार्गोथ्रोंड बुडवून तो तिथल्या सोन्यावर लोळतो आणि ४९९ मध्ये दरी ओलांडताना तूरिन नावाचा वीर त्याच्या पोटात खालून तलवार खुपसतो. पंखवाले ड्रॅगन येतात ते युगाच्या शेवटच्या महायुद्धात, काळ्या अंकालागोनबरोबर. त्याआधी ते कोणी पाहिलेले नव्हते. तिसऱ्या युगातला स्काथा तर नावातच ‘वर्म’ मिरवतो. स्माउग २७७० मध्ये एरेबोर या डोंगरावर उतरतो आणि २९४१ मध्ये बार्डच्या काळ्या बाणाने पडतो.

पण ग्लाउरुंगचं खरं हत्यार आग नव्हे, त्याचे डोळे. तो तूरिनला नजरेने खिळवतो, त्याच्या बहिणीची, निएनोरची, स्मृती नजरेने पुसतो. ‘ड्रॅगन’ हा शब्द ग्रीक ‘द्राकोन’वरून आला आणि तो बहुतेकांच्या मते ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूवरून. तोच धातू आपल्याकडे ‘दृश्’ आहे, म्हणजे दृष्टी आणि दर्शन यांच्याच घरातला. सरपटणारा कृमी आणि रोखून पाहणारा द्राकोन, या दोन्ही व्युत्पत्ती ग्लाउरुंगच्या एका देहात राहतात. माझ्या लेखी टोल्किन यांचा सर्वांत पूर्ण ड्रॅगन तोच. स्माउग त्याचा देखणा वंशज.

किड्याचं आणि सोन्याचं नातंही जुनं आहे. फारसी महाकाव्य शाहनाम्यात हफ्तवाद नावाच्या माणसाच्या मुलीला सफरचंदात एक किडा सापडतो. ती त्याला सूतकताईच्या डबीत ठेवते आणि तिचं सूत वाढत जातं. घर श्रीमंत होतं, किडा हत्तीएवढा होतो आणि शेवटी राजा अर्दशीर त्याच्या घशात वितळलेला धातू ओततो. इराणातल्या किर्मानचं नाव या ‘किर्म’वरून पडलं, असं ती कथा सांगते. उत्तर युरोपात राग्नारच्या सागेत थोरा एका इवल्या सापाखाली सोनं ठेवते, तर साप आणि सोनं दोन्ही वाढतात. आपल्याकडे गुप्तधनावर नाग बसतोच. फारसी गोष्ट उत्तरेला गेली की दोन्हीकडे एकच जुनं बी रुजलं? मी बियाच्या बाजूचा.

मग टोल्किन यांनी ‘प्रिव्हतान’ खोडून ‘स्माउग’ लिहिलं, तेव्हा किडा गेला का? मुळीच नाही. १९३८ मध्ये त्यांनीच एका वृत्तपत्राला कळवलं की ‘स्माउग’ हे जुन्या जर्मानिक ‘स्मुगन’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे. अर्थ, भोकातून अंग चोरून आत शिरणे. जुन्या इंग्रजीत अंगात शिरणाऱ्या ‘व्युर्म’वर मंत्र आहेत आणि त्यात याच धातूचं विशेषण येतं. अथर्ववेदातही कृमींवर मंत्र आहेत आणि त्यांत इंद्र येतो, वृत्राला मारणारा. आतड्यातला जंत आणि पाणी अडवून बसलेला अजस्र सर्प यांचा वैरी एकच. कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९९५ मध्ये ड्रॅगनवधावर मोठा ग्रंथ लिहिला, त्याचा शेवटचा भाग त्यांनी अशा मंत्रांना दिला. कृमी आणि ड्रॅगन हा एकच शत्रू आहे, फक्त दोन आकारांत, हे मला तिथे पटलं.

उरतं आजीचं ‘किरडू’. सरळ मत असं की ते ‘कीड’चं रूप. मग मधला ‘र’ कुठून आला? मी तो ‘कृमी’तला मानतो. यावर आक्षेप येईल की पालीत ‘कृमि’चा ‘किमि’ झाला, ‘र’ तिथेच गळला, तो कोकणात कसा परत येईल? आक्षेप वजनदार आहे. पण ज्याचं नाव घ्यायची भीती वाटते त्याचा शब्द नियमाने चालत नाही, तो तोंडातल्या तोंडात वाकवला जातो. ‘व्युर्म’ आणि ‘कृमी’ तसेच वाकले. कंदील वर धरून, वाशाकडे न बघता, आजी तो शब्द कुजबुजायची, तेव्हा त्यातला ‘र’ मला स्पष्ट ऐकू यायचा.